हिडकलच्या फुगवट्यात ट्रोलिंग: जाणार असाल तर हे वाचून जावा

हिडकलला ट्रोलिंग जमतं का, तर जमतं. पण अमेरिकेतले व्हिडिओ बघून तसंच्या तसं करायला गेलात तर दिवसभर वल्ही मारून हात भरून येतील आणि डब्यातली भाकरी खाऊन तसेच घरी याल. ज्यांना ट्रोलिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडी हळूहळू चालत ठेवायची आणि मागं पंचवीस-तीस मीटर लांब लुअर (म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष) ओढत न्यायचं, एका जागी बसून फेकत राहायचं नाही, माशाच्या मागं आपणच फिरायचं. मोठ्या पाण्यात हाच प्रकार चालतो आणि बेळगावपासून तासाभरात हिडकलएवढं पाणी दुसरं नाही, ५१ टीएमसीचं धरण आहे, काठावर उभं राहून गळ टाकला तर त्यातलं कितीसं पाणी आपल्या वाट्याला येणार?

ह्या वेळी सोबत माझा चुलतभाऊ होता. दादा मिलवॉकीला असतो, मिशिगन लेकच्या काठावर, आणि तिकडं सुट्टी मिळाली की हेच करतो, साल्मन आणि लेक ट्राउटच्या मागं. तिकडचं पाणी म्हणजे जवळजवळ ५८ हजार चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल ठिकाणी २८१ मीटर, त्याला लेक म्हणायचं तर आपल्या धरणांना डबकं म्हणावं लागेल. आणि गंमत म्हणजे साल्मन तिथला मूळचा नाहीच, तो प्रशांत महासागराकडचा. अल्वाइफ नावाचा समुद्रातला बारका मासा त्या लेकमधे घुसून बेसुमार वाढला होता, त्याला खाणारं कोणीतरी पाहिजे म्हणून मिशिगन राज्यानं १९६६ ला कोहो आणि पुढच्या वर्षी चिनूक साल्मन सोडले (त्याच १९६७ च्या उन्हाळ्यात तर अल्वाइफ मरून किनाऱ्यावर नुसते ढीग लागले), आणि तिथून हा सगळा ट्रोलिंगचा धंदा उभा राहिला.

तिकडं शोधायचं असतं ते तापमान. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, खालचं गार, आणि मधे एक थर असा की चार-पाच मीटरमधे पाणी एकदम गार पडतं. साल्मनला साधारण १० ते १३ डिग्री पाणी मानवतं, म्हणून त्या थराच्या आसपास लुअर न्यायचं, ते वीस मीटरवर असो नाहीतर चाळीस. त्यासाठी होडीला डाऊनरिगर लावतात, म्हणजे तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, त्या तारेला क्लिप, क्लिपमधे आपली लाईन, मासा लागला की लाईन क्लिपमधून सुटते आणि मग मासा आणि आपण, मधे वजन नाही. दादाचं सगळं ट्रोलिंग ह्या थर्मामीटरवर चालतं.

म्हणून त्यानं इथं आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडला. वर २४ डिग्री, आठ-दहा मीटर खाली सोडला तरी फरक एका डिग्रीचासुद्धा नाही. डिसेंबरात आपल्याकडं पाणी वरपासून खालपर्यंत ढवळून एकसारखं झालेलं असतं, थर वगैरे काही राहात नाही. "मग मासा कुठं शोधायचा?" दादा विचारतोय. (आणि हो, इथं ट्राउट सोडता येणार नाहीत का असं विचारणाऱ्यांसाठी, हे २४ हिवाळ्यातले. ट्राउटला वीसच्या वर पाणी गेलं की त्रास सुरू होतो. विषय संपला.)

उत्तर मिळालं ते मामांच्या घरी. मामा म्हणजे ज्यांची होडी आम्ही घेतली ते, फुगवट्याच्या काठावरच्या एका गावचे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दर रविवारी तिथं गाड्यांची रांग लागेल. पहाटे चहा पिताना मामांचे वडील कट्ट्यावर बसलेले, ऐंशीच्या आसपास वय, दादाच्या हातातला फिश फाइंडर बघून म्हणाले, "हे काय दाखवतंय?" दादा म्हणाला, "आज्जा, खाली किती खोल आहे ते दाखवतंय." "मग मला इचारा की. सगळं बघितल्यालं हाय." धरण पुरं झालं १९७७ ला, म्हणजे त्याआधी जाणती असलेली माणसं अजून आहेत गावोगाव, आणि आज पाण्याखाली आहे ती जमीन त्यांनी नांगरलेली आहे. आज्जांनी काठीनं अंगणातल्या मातीत रेघ मारली, ही घटप्रभा, इथं वळण, वळणाच्या आतल्या बाजूला वाळू, बाहेरच्या बाजूला उभी दरड, दरडीवर आमचा मळा, मळ्यात विहीर, "विहिरीकडं जाऊ नगासा, बाभळी हाईत, तुमचं सगळं अडकून बसंल."

दादानं मातीतल्या त्या नकाशाचा फोटो काढला आणि दिवसभर आम्ही त्यावरच होडी चालवली. फिश फाइंडर होता सोबत, पण तो होडीच्या खाली काय आहे तेवढंच सांगतो, पुढं काय येणार आहे ते नाही. आज्जांनी सांगितलेल्या वळणावर आलो तशी स्क्रीनवर खोली सहा मीटरवरून एकदम चौदावर गेली, म्हणजे तीच दरड. जुन्या पात्राच्या त्या काठावरनं, ना वर उथळात ना खाली मधोमध, लुअर नेत राहायचं. शिकारी मासा दरडीच्या कडेला खालच्या अंगाला दबा धरून असतो आणि बारकी मासळी वर मळ्यावर चरत असते. मिशिगनमधे तापमान जे काम करतं ते हिडकलमधे जुनी नदी करते, माझं तरी मत असंच झालंय. त्यामुळं तुम्ही कुठल्याही गावातनं पाण्यात उतरा, आधी एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत अर्धा तास बसा, त्यांना घाई करू नका, विषय मळ्यावरनं लग्नावर जाईल, लग्नावरनं परत विहिरीवर येईल, जाऊ दे.

आता होडीचं. बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या असतात त्यातनं ट्रोलिंग होत नाही, त्या वल्ही मारली की स्वतःभोवती फिरतात, लाईनींचा गुंता होतो. लांबट फायबरची किंवा लाकडी होडी पाहिजे. इंजिनाच्या मागं लागू नका, हे पाणी बेळगावच्या नळाला पण जातं, त्यात पेट्रोल-ऑइल कशाला, आणि इंजिनाची गरजपण पडत नाही. साल्मनचं ट्रोलिंग ताशी साडेतीन-चार किलोमीटरनं करतात, लेक ट्राउटला त्याहून हळू. दोन माणसांनी आरामात वल्ही मारली की फोनवर वेग बरोबर तीन-साडेतीन दाखवतो, वल्ह्याच्या प्रत्येक दणक्याला होडी जरा पुढं सरकते, जरा थांबते, त्यानं लुअर फडफडतं, दबतं, परत उठतं, इंजिनाच्या एकसुरी वेगापेक्षा हे बरं. रॉड होल्डर विकत घेऊ नका, पीव्हीसी पाईपचे हातभर तुकडे सायकलच्या जुन्या ट्यूबनं होडीच्या कडेला आवळून बांधले, दिवसभर हलले नाहीत.

सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जावा. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूचं लुअर मंदावतं आणि खाली जातं, बाहेरच्या बाजूचं जोरात येतं आणि वर उठतं. मासा कुठल्या रॉडला लागला ते बघायचं, आतल्या रॉडला लागला तर वेग कमी करा, बाहेरच्याला लागला तर वाढवा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. आणि नजर रॉडच्या टोकावर पाहिजे, फोनवर नको. लुअर नीट चालत असलं की टोक बारीक बारीक थरथरत असतं, एकसारखं. ते थांबलं म्हणजे गळाला शेवाळ नाहीतर काटकी अडकली, मग पुढचा अर्धा तास तुम्ही कचरा ओढत फिरणार. ओढून घ्या, साफ करा, परत सोडा, कंटाळा करू नका.

खोलीसाठी डाऊनरिगर इथं बिनकामाचा, बाभळीच्या खोडात तो गोळा एकदा अडकला की तार तोडूनच घरी. त्यापेक्षा लेड कोअर लाईन, म्हणजे आत शिशाची तार असलेली विणलेली लाईन. तिचा रंग दर दहा यार्डाला बदलतो आणि ह्या वेगात एक रंग सोडला की लुअर साधारण दीड मीटर खाली जातं. चार रंग सोडले की सहा मीटर, हिशोब सोपा. पुढं दहा-बारा मीटर साधा तंगूस आणि मग लुअर. ती नसली तर खोल जाणारं चार-पाच इंची प्लग लुअर (माशाच्या आकाराचं) बारीक ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या बारीक लाईनवर, लावा, लाईन जितकी बारीक तितकं ते खाली जातं, जाड तंगूसावर तेच लुअर वर तरंगत येतं. रंगाबिंगावर वाद घालत बसू नका, आम्हाला चंदेरी स्पूनवर (चमच्यासारखं पत्र्याचं लुअर) आणि एका हिरवट प्लगवर, दोन्हीवर लागले.

लागलं काय? शिवडा, म्हणजे मिशांवाला मोठा शिकारी मासा. सकाळी ऊन पाण्यावर यायच्या आधीच दरडीच्या वळणावर आतल्या रॉडचं टोक वाकलं ते वाकलंच, रील कर्रर्र करून सुटली, दादा "बॉटम, बॉटम" म्हणून ओरडतोय, त्याला वाटलं तळाला अडकलं, मामा वल्हं टाकून म्हणाले, "बॉटम न्हवं, वडतंय बघा ते." चार किलोच्या पुढं भरला. ह्याचं तोंड डोळ्यांच्याही मागंपर्यंत फाटलेलं आणि आत बारीक दातांची रांगच्या रांग, लुअरच्या पुढचा तंगूस कानशीनं घासल्यासारखा खरबरीत झाला होता, म्हणून पुढचा वीतभर तुकडा स्टीलच्या वायरचा लावा आणि तोंडात बोट घालू नका, पक्कड वापरा. दुपारपर्यंत एक अजून लागला, लहान, तो सोडून दिला. शिवडा सगळीकडंच कमी व्हायलाय, लहान असला की सोडा एवढंच सांगणं. चिलापीपण लागली बारक्या स्पूनवर, तिचं कौतुक काही नाही. कटला-रोहूसाठी ट्रोलिंग करू नका, कटला पाण्यातलं बारीक तरंगतं खाणारा मासा, तो पळत्या चमच्याच्या मागं कशाला येतोय. खडशीची (महसीरची) आशा होती, ती काही आली नाही, ती वाहत्या पाण्यातली, वर मोहनगा-दड्डीच्या अंगाला, जिथं नदी धरणात शिरते तिथं बघायला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाळी. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात आणि सकाळी काढतात, वर खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा नाहीतर पाण्याची रिकामी बाटली. तुमचे तिहेरी गळ त्या जाळ्यात गेले की जाळं फाटतं आणि त्यांची रोजी बुडते. म्हणून एकटे-दुकटे भाड्याची होडी घेऊन फिरू नका, तिथलाच माणूस वल्ह्यावर पाहिजे, त्याला कुठं कोणाचं जाळं आहे ते ठाऊक असतं. मामांना आम्ही हजाराच्या आसपास दिले आणि जेवण एकत्र. परवान्याचं आधी मत्स्य खात्याच्या ऑफिसात आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीत विचारून घ्या, आणि धरणाच्या भिंतीकडं, गेटच्या बाजूला अजिबात जायचं नाही. राकसकोपला, म्हणजे बेळगावच्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात, हे करायचा विचारपण करू नका.

जायचं कधी? पावसाळ्यात नको, मासे अंडी घालायला वर चढतात, त्यांना चढू दे. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं आणि पाणी गढूळ, मासा पसरलेला. डिसेंबर ते फेब्रुवारी बरं, कालव्यांना पाणी सुटून पातळी उतरत जाते आणि मासा जुन्या पात्राकडं सरकतो. एप्रिल-मेमधे ट्रोलिंगला नाही, नकाशा काढायला जावा. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाण्यातनं वर येतं त्या दिवसांत, तेव्हा बाकीच्या दरडी, बांध, बाभळीची खोडंपण उघडी पडतात, फोनवर लोकेशन मार्क करून ठेवा, पुढच्या हिवाळ्यात ते सोन्याच्या भावाचं आहे.

बेळगावहून पहाटे साडेचारला निघा, काकती, वंटमुरी घाट, यमकनमर्डी, हत्तरगी, हायवे चांगला आहे, आतला रस्ता धुक्यात जपून. पाण्यावर उजाडायच्या आत पाहिजे कारण अकरा-साडेअकराला वारा सुटतो, एवढ्या मोकळ्या पाण्यावर लाटा बघता बघता उठतात आणि वल्ह्यावरची होडी आडवी व्हायला लागते. लाइफ जॅकेट घाला, पोहता येतं म्हणून काढून ठेवू नका. बर्फ हत्तरगीलाच घ्या, पुढं मिळेलच असं नाही. शिवड्यात काटे कमी, मामींनी संकेश्वरी मिरचीचं लालभडक कालवण केलं होतं, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर दादानं तीन वेळा वाढून घेतलं आणि डोळ्यांतनं पाणी काढत काढत खाल्लं.

अमेरिकेतनं कोणी येणार असेल तर लेड कोअरचं एक रीळ आणि दोन-चार चांगले प्लग मागवा, बाकी सगळं इथं मिळतं. लुअरचे गळ हँडबॅगेत टाकू नका म्हणावं, एअरपोर्टवर काढून घेऊ शकतात, चेक-इनमधे टाका.