लांब थ्रो आणि खालिद जमील

ठाण्यातल्या आपल्या शाळेचं मैदान अरुंद. फुटबॉल खेळताना चेंडू सारखा बाहेर जातो, म्हणजे थ्रो-इन (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणं) भरपूर. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, आज शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलांसाठी, लांब थ्रोवर गोल मिळवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्याबद्दल लिहितो आहे.

महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून ते मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, खेळले. दुखापतींनी खेळ थांबला आणि 2009 मध्ये, 32व्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. हाताशी मोठे खेळाडू नव्हते, तरी संघ आय-लीग या देशातल्या क्लब स्पर्धेत टिकवला. 2016 मध्ये ते या संघातून बाहेर पडले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल संघाला विजेतेपद मिळवून दिलं! ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक मिळाला, याचा फार आनंद झाला.

पहिला सामना ताजिकिस्तानशी, त्यांच्याच हिसोरमध्ये. पाचव्याच मिनिटाला आपल्या उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं हेडर, गोल. सामना 2-1 जिंकला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली, ते अजून सलतं. पण तो थ्रो शिकण्यासारखाच आहे.

थ्रो-इनवर ऑफसाइड (समोरच्या बचावफळीच्या पुढे राहून चेंडू घेण्याची चूक) नसतो, म्हणून आपला खेळाडू थेट गोलरक्षकासमोर उभा राहू शकतो. एक जण गोलच्या जवळच्या खांबाशी चेंडू डोक्याने मागे ढकलायला, दुसरा लांबच्या खांबाशी, तिसरा बॉक्सबाहेर (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेर), परत आलेल्या चेंडूसाठी. हा तिसरा बहुतेक वेळा विसरला जातो आणि तिथूनच प्रतिहल्ला बसतो.

चार-पाच पावलं धाव, शेवटचं पाऊल लांब. चेंडू दोन्ही हातांनी पार डोक्यामागे. जोर कमरेतून आणि पोटातून यायला हवा, नुसत्या हातांतून नाही. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत आणा. चेंडू सुटताना अंगठा उचलला गेला की फाउल थ्रो, चेंडू समोरच्यांकडे. चेंडू लवकर सोडला तर तो उंच जातो आणि गोलरक्षक आरामात झेलतो. उशिरा सोडला तर पुढ्यातच आपटतो. सपाट आणि वेगात गेला पाहिजे.

जून-जुलैत चेंडू ओला असतो, हातातून निसटतो. फेकण्याआधी जर्सीच्या टोकाने दोन्ही बाजू पुसा, मगच धाव घ्या.