पोटरीवरची गाठ आणि सोनोग्राफीची खिडकी

काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत जंबेरीच्या खुंटाचा, म्हणजे ज्या लिंबूवर्गीय झाडावर संत्र्याचे कलम बांधतात त्याचा, काटा माझ्या पोटरीत शिरला. काटा लगेच काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आणि जखम भरून आली. त्या जागी मात्र हरभऱ्याएवढी तपकिरी, टणक गाठ उरली. कित्येक महिने ती जाईना, तेव्हा नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवले.

डॉक्टरांनी गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली, तशी ती मधोमध आत खचली. हे डर्मॅटोफायब्रोमा या निरुपद्रवी गाठीचे लक्षण असून काटा लागल्यावर किंवा किडा चावल्यावर ती उद्भवू शकते, असे त्यांनी सांगितले. जखमेच्या हद्दीबाहेर पसरणारा केलॉइड, म्हणजे वाजवीपेक्षा वाढलेला व्रण, हा नव्हता. काट्याचे टोक आत राहिल्याची शंका तेवढी फेडायची होती आणि लाकडाचा तुकडा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नसल्याने त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली.

खरा त्रास इथून सुरू झाला. मे महिन्याच्या उन्हात, बंद पडलेल्या कूलरसमोरच्या रांगेतून खिडकीपाशी पोहोचलो, तर "भाऊ, कुठल्या भागाची ते चिठ्ठीवर लिहिलेलंच नाही, लिहून आणा," असे ऐकावे लागले. परत जाईपर्यंत ओपीडी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत वेगळे डॉक्टर बसले होते. दुसऱ्याच्या चिठ्ठीत भर घालण्यास त्यांनी नकार दिला आणि नवा केसपेपर काढायला लावला. नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर गेलो, तेव्हा त्वचेलगतच्या तपासण्या आठवड्यातून एकाच दिवशी होतात हे कळले, आणि तो दिवस नेमका आदल्या दिवशी होऊन गेला होता. हे पहिल्याच खेपेस सांगायला कोणाची जीभ झिजली असती, हे मला अजूनही उमगलेले नाही. म्हणून डॉक्टरांच्या टेबलासमोरून उठण्यापूर्वीच चिठ्ठी वाचावी आणि शरीराचा भाग, उजवी-डावी बाजू व कशाची शंका आहे, हे त्यात नसल्यास तिथेच लिहून घ्यावे.

प्रत्यक्ष तपासणी पाहता पाहता आटोपली. काटा नव्हता. दर महिन्याला शेजारी नाणे ठेवून मी गाठीचे छायाचित्र काढत होतो, ते डॉक्टरांना फार उपयोगी पडले, कारण आकार वाढलेला नाही हे त्यावरून दिसत होते. गाठ झपाट्याने वाढली, तिचा रंग बदलला किंवा तिच्यातून रक्त आले, तर पुन्हा दाखवायचे आहे. कापून काढण्याविषयी विचारले असता, राहणारा व्रण गाठीहून मोठा असेल, असे उत्तर मिळाले. तेव्हा ती तशीच ठेवली आहे.