कार्बोरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन: आमची वाटचाल

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. त्यामुळे बोअर मापायचा डायल गेज माझ्या हातात आधी आला, पाना नंतर. पुढे मी आणि धाकट्या भावाने भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मारुतीची जिप्सी दुरुस्त करायला सुरुवात केली. १९८५ ची ९७० सीसीची आणि १९९६ ला आलेली १,२९८ सीसीची जिप्सी किंग, दोन्ही कार्बोरेटरवरच्या, म्हणजे इंजिनने ओढलेल्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या. २००० साली कंपनीने १,२९८ सीसीलाच सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय दिलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारायची पद्धत. ताकद ६० वरून ८० बीएचपीवर गेली, तेव्हापासून जुन्या किंगचे मालक विचारू लागले, "आमच्या गाडीत हे बसंल काय?"

बसतं. गिअरबॉक्स जुळतो, आणि त्यामुळेच पहिल्या कामात आम्ही गाफील राहिलो.

गाडी गगनबावड्याकडच्या एका काकांची. बसवायचं एमपीएफआय इंजिन वापरलेलं होतं, म्हणून आम्ही ते पूर्ण खोललं. ७४ मिमीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, अर्धा मिमी ओव्हरसाइज करून होनिंग (आतली घासाई) उद्यमनगरातून करून आणलं, क्रँक ग्राइंड केला. पिस्टनच्या रिंगांचा गॅप प्रत्येक सिलिंडरमध्ये फीलरच्या पातळ पट्टीने स्वतः मापला. इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. तिसऱ्या दिवशी करूळ घाटातून काकांचा फोन: वळणावर गाडी बंद पडते, थांबलं की परत चालू होते.

पंप बदलला, फिल्टर बदलला, सेन्सर एकेक तपासले. पंधरा दिवस गेले. शेवटी भावाच्या लक्षात आलं की टाकी पाव भागाच्या खाली असली आणि वळण तीव्र असलं, तरच हे होतं. आम्ही जुनी टाकी ठेवून बाहेरून इलेक्ट्रिक पंप लावला होता. वळणावर पेट्रोल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. कार्बोरेटरला हे चालून जातं, कारण फ्लोट चेंबरमध्ये तेवढ्यापुरतं पेट्रोल साठलेलं असतं. इंजेक्टरमागे असा साठा नसतो. तिथे सुमारे तीन बारचा दाब सलग लागतो; हवा शिरली की दाब पडतो आणि इंजिन बंद. एमपीएफआय जिप्सीचीच टाकी, आतल्या पंपासकट, बसवली. मजुरी घेतली नाही; चूक आमची होती. काका आजही गाडी आमच्याकडेच आणतात.

त्या दिवसापासून जुनी टाकी ठेवा म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. लाइनला हाय प्रेशर होजच वापरतो. इंजिन ते चासी अर्थिंगची जागा रंग खरवडून लखलखीत करतो, कारण अर्थिंग कच्चं राहिलं की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, चुकीचे व्होल्टेज मिळतात आणि माणूस सेन्सरच्या मागे धावत बसतो. इंजिन बदलायची परवानगी आरटीओकडून आधी, आरसीवर नवा नंबर नंतर, विमा कंपनीला कळवणं त्याच आठवड्यात. कागद बाकी असला की गाडी गेटबाहेर जात नाही.

आता शेडमध्ये आम्ही चौघं आहोत. २०१९ मध्ये जिप्सीची सर्वसामान्य विक्री थांबल्यापासून चांगला वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरांचा जुडगा) मिळणं अवघड झालंय. म्हणून आमचा एक पोरगा जुना हार्नेस सोलून, पिन न पिन मीटरवर तपासून नव्याने बांधतो. दोन दिवस लागतात. सध्या स्टँडवर १९९८ ची किंग आहे, तिचा ब्लॉक उद्या बोअरिंगवरून येतोय. टाकी मात्र आधीच बसवून ठेवली आहे.