रानडे: मुद्दल वेगळे, व्याज वेगळे

पुणे, १६ जानेवारी

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली आजच्या तारखेला गेले. आज ठिकठिकाणी हार घातले जातील. भाषणांत सार्वजनिक सभा येईल, प्रार्थना समाज येईल, विधवाविवाहाची चळवळ येईल. ‘न्यायमूर्ती’ हा शब्द मात्र नावाला चिकटलेला म्हणून येईल, त्यामागचे काम क्वचितच. हायकोर्टात ते बसले ते न्यायमूर्ती काशिनाथ तेलंगांच्या जागी, १८९३ मध्ये. त्याआधीची वीसेक वर्षे खालच्या कोर्टांत गेली. १८७१ मध्ये पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, मग नाशिक, धुळे, पुन्हा पुणे, १८८४ मध्ये इथल्याच स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, आणि १८८७ पासून शेतकरी कर्जनिवारण कायद्याखालचे स्पेशल जज्ज. माझ्या मते त्यांच्या न्यायाधीशपणाची खरी ओळख या शेवटच्या जागेत आहे.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध दंगा झाला. लोकांचा राग होता खतांवर, म्हणजे कर्जाच्या दस्तऐवजांवर, आणि सावकारांच्या वह्यांवर; तेच कागद जाळले गेले. कारण उघड होते. कुळाने, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याने, अंगठा दिलेले खत कोर्टात आले की कोर्ट तेवढेच पाहायचे. समन्स निघायचे, कूळ यायचे नाही, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, व्हायचा आणि जप्ती. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता आला, तो हा क्रम उलटवायला. दावा कुळाच्या राहत्या भागातल्या कोर्टात लावायचा, कुळाची जबानी शक्यतो घ्यायचीच, आणि कलम १२ प्रमाणे खताच्या मागे जाऊन पहिल्या देवघेवीपासूनचा इतिहास तपासायचा. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक नाही. जमीन त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल तर तिच्यावर जप्ती नाही. रक्कम एकदम झेपत नसेल तर हप्ते बांधून द्यायचे.

हिशेबाची रीत कलम १३ मध्ये आहे. ती उदाहरणावाचून कळत नाही. कुळाने १०० रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांनी ७२ रुपये व्याज झाले. सावकार ते मुद्दलात घालून १७२ चे नवे खत करतो. आणखी तीन वर्षांनी त्यावर १२३ रुपये १३ आणे चढतात आणि दावा लागतो २९५ रुपये १३ आण्यांचा. मधे कुळाने दिलेल्या ६० रुपयांच्या धान्याचा खतात पत्ताच नाही. आता न्यायाधीश दोन खाती मांडतो. मुद्दलाच्या खात्यात फक्त हाती पडलेले १०० रुपये. मिसळलेले व्याज बाहेर. व्याजाच्या खात्यात सरळ व्याज, कोर्टाने मान्य केलेल्या दराने. समजा वर्षाला शेकडा १२ धरले, तर सहा वर्षांचे ७२. धान्य सहाव्या वर्षी दिलेले, तेव्हा ते ६० आधी व्याजातून वजा. उरले १२. देणे ११२. दर जुनाच ठेवला आणि भरणा काहीच नसला, तरी १४४ व्याज मुद्दलापुढे जाते म्हणून दामदुपटीवर, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीवर, थांबायचे: २००.

कागदावर हे सोपे दिसते. कोर्टात अडते ते पुराव्यापाशी. कुळाकडे पावती नसते, वही सावकाराचीच, आणि बापाच्या वेळचे पहिले खत नवे होताना फाडून टाकलेले. म्हणून पावती देणे आणि वर्षाचा हिशेब लिहून देणे कायद्याने सावकारावर टाकले होते. ज्या दुय्यम न्यायाधीशाला दिवसाला ढीगभर दावे उरकायचे, तो मागचा इतिहास खोदण्याचा कंटाळा करणार, हे मानवी आहे. स्पेशल जज्जाचे काम नेमके तिथे: गावोगाव फिरून खालच्या कोर्टांची दप्तरे तपासायची, चुकलेले हुकूमनामे दुरुस्त करायचे. स्वतः त्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला कुठे कामचुकारपणा होतो हे सांगावे लागत नाही. सावकारांनी पुढे पळवाट शोधलीच. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि जमीन परत देण्याचे तोंडी कबूल करायचे. विक्री म्हटली की कर्जाचा हिशेब निघत नाही.

या दौऱ्यांवर पत्नी रमाबाई बरोबर असत. त्यांच्या लग्नाची गोष्ट रानड्यांच्या बाजूने सांगता येत नाही, आणि सांगूही नये. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली, त्याच वर्षी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हे. टीका झाली, ती रास्त होती. मात्र लग्नानंतर लगेच त्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांनी रमाबाईंना टोमणे मारून हैराण केले. रानडे त्या बायकांशी भांडले नाहीत, शिकवणेही थांबवले नाही. मला यात त्यांचा स्वभाव जसाच्या तसा दिसतो, दोषासकट. वडीलधाऱ्यांना दुखवायचे नाही, काम सोडायचे नाही. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणात सनातन्यांच्या दडपणाखाली प्रायश्चित्त घेतले तेव्हाही तेच झाले, आणि ते रमाबाईंनाही रुचले नव्हते.

१९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन ही बायकांसाठीची संस्था उभी केली आणि बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले. त्यात विधवाही होत्या. घरोघर जाऊन पालकांची समजूत घालणे, वर्ग चालवणे, पैशांचा मेळ बसवणे ही कामे त्यांनी पुढे १९२४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत केली.