आठव्या फेरीत गुडघा दुखला नव्हता

कोल्हापूरहून आल्यापासून पुण्यातल्या चार जणांनी फोन करून गुडघा कसा आहे विचारलं, एका वहिनींनी तर कसलंसं तेल पाठवलं वाटीत, म्हणून आता लिहूनच टाकतो. गुडघा ठणठणीत आहे. तेव्हाही होता. तेल वाया जाऊ नये म्हणून खांद्याला लावतोय.

तर झालं असं की कोल्हापूरच्या मित्राचा फोन आला, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी ये, मावशीच्या शेतावर रात्रभर फेऱ्या मारायच्यात. मला वाटलं हुरडा वगैरे असेल. निघाली बॅकयार्ड अल्ट्रा. म्हणजे दर तासाच्या ठोक्याला सगळ्यांनी एकत्र सुटायचं, ६.७ किलोमीटरची फेरी मारायची, तासाच्या आत परत यायचं, उरलेल्या मिनिटांत काय खायचं-बसायचं-रडायचं ते उरकायचं आणि पुढच्या ठोक्याला परत लाईनवर. लाईनवर नसला तो बाद, तासात पोचला नाही तोही बाद, असं एकच माणूस उरेपर्यंत. अमेरिकेत टेनेसीमध्ये लॅझरस लेक नावाने ओळखला जाणारा एक इसम आहे (बार्कली मॅरेथॉन नावाचा छळ पण त्याचाच), त्याने हे स्वतःच्या घरामागच्या रानात सुरू केलं आणि नाव दिलं आपल्या कुत्र्याचं. ६.७ चा विचित्र आकडा का, तर चोवीस तासांत बरोबर शंभर मैल व्हावेत म्हणून. तिथे २०२३ साली हार्वी लुईस नावाच्या शाळामास्तराने १०८ फेऱ्या मारल्या. साडेचार दिवस! जपमाळेच्या मण्यांइतक्या. आणि यातली गंमत म्हणजे जिंकणारा एक सोडला तर बाकी सगळे, अगदी दुसरा आलेला सुद्धा, कागदोपत्री शर्यत पूर्ण न केलेलेच.

हे मावशींना समजावताना मित्राची दमछाक झाली. "म्हंजे चौदातली तेरा पडणारच? मग एवढी माणसं बोलवलीस कशाला?" असा त्यांचा सरळ सवाल. तेव्हा पलीकडे खाटेवर बसलेले काका, जे तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, ते म्हणाले, "अगं निकाली कुस्ती हाय ही. गुणावर न्हाई, बरोबरीत सुटायची न्हाई." मावशींना एका वाक्यात कळलं. मला पण खरं तर तेव्हाच कळलं. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागेचं मैदान बांधलं त्या गावात असल्या गोष्टी इंग्रजीतून का समजवायच्या?

शुक्रवारी रात्री पोचलो. शर्यतीच्या आधी हलकं खावं असं मी स्वतः लोकांना सांगत असतो. मित्राने समोर तांबडा-पांढरा ठेवला आणि "पाव्हणं लाजत्यात काय" म्हणत वाढतच राहिला, पांढऱ्या रश्श्याच्या मी पाच वाट्या प्यायलो. कोल्हापुरात नको म्हटलेलं कुणाला ऐकू जात नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, आणि दर वेळी मी तिथून कुरकुरत आणि दोन किलो वाढून परत येतो. शनिवार दुपारपर्यंत झोपलो.

शेत केर्लीच्या पुढं, जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला. फेरीचा रस्ता मित्राने महिनाभर फिरून आखलेला. मावशींच्या अंगणातून निघायचं, उसाच्या कडेकडेनं डोंगराच्या सोंडेला लागायचं, मग जी चढण सुरू होते ती थेट वरच्या माळापर्यंत, जवळजवळ दोनशे मीटर चढ, सगळा सुट्टा मुरूम आणि गुडघ्याएवढं वाळकं गवत. वर गेलं की एका बाजूला जोतिबाचे दिवे, दुसऱ्या बाजूला पन्हाळ्याचा काळा आकार आणि खाली लांब कोल्हापूरचा उजेड सांडलेला. पहिल्या दोन फेऱ्यांना मी थांबून फोटो काढले. तिसऱ्यापासून तिकडं बघितलं पण नाही. मग घसरत खाली यायचं आणि शेवटी पाणंदीतून परत. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी पाणंद अशी खोल झालेली की एक पाय वर एक पाय खाली. या पाणंदीच्या तोंडाला, म्हणजे घड्याळात साडेचार किलोमीटर झाले की, गुऱ्हाळ.

सहाला मावशींनी पळीनं परात वाजवली आणि सुटलो. त्याआधी तीन मिनिटं असताना तीन शिट्ट्या, मग दोन, मग एक, हे मात्र नियमाप्रमाणे. आमच्यात एक बँकेतले काका होते, अठ्ठावन्न वर्षांचे, लेंगा वर खोचल्यासारखी ट्रॅकपँट. एक शिकाऊ नर्स मुलगी, चोवीसची, जी कुणाशी फार बोलत नव्हती. एक पेठेतला पैलवान गडी, पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढं, चौथ्या फेरीनंतर खुर्चीतून उठलाच नाही, म्हणाला "विषय संपला भावा" आणि भडंग खात बसला. खुर्ची वाईट. खुर्चीबद्दल मला सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं. पण चुलीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

पहिल्या फेरीला गुऱ्हाळावरून जाताना जाळ घालणारे मामा ओरडले, "ओ पाव्हणं, कुणी मागं लागलंय व्हय?" आम्ही हसून हात केला. दुसऱ्या फेरीला तेच मामा उठून उभे राहिले. "परत?" तिसऱ्या वेळेला त्यांनी आत कुणाला तरी हाक मारून बोलवलं, बघायला. चौथ्या फेरीपर्यंत आमची ओळख झाली होती, म्हणजे मी पळता पळता ओरडायचं चार झाल्या आणि मामांनी ओरडायचं आमचं तिसरं आधण. एक आधण म्हणजे काहीलभर रस चढवल्यापासून गूळ उतरेपर्यंत, अडीच-तीन तास सहज जातात. तेही दुपारपासून लागले होते आणि रात्रभर चालणार होते. गव्हर्नमेंटची नोकरी असल्यासारखं आम्ही दर तासाला हजेरी लावत होतो.

मला त्या काहिलीचं वेड लागलं. एवढी मोठी, माझ्या पुण्याच्या बेडरूमएवढी म्हटलं तर बायको रागवेल पण जवळजवळ तेवढीच, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर पिवळा फेस खदखदतोय, मळी काढायला झारा घेऊन एकजण उभा, आणि वास, तो वास पाणंदीच्या अर्ध्यातूनच यायला लागायचा आणि पोट एकदम ढवळायचं, कारण मी तेव्हा जेल नावाचा चिकट गोड पदार्थ खात होतो जो शंभर रुपयांना एक मिळतो आणि लागतो खोकल्याच्या औषधासारखा. शेजारी काहीलभर खरं असताना. पण प्रत्येक वेळी मी पोचायचो तेव्हा फेसच. सात फेऱ्या, सात वेळा फेस. गूळ उतरताना एकदा पण दिसला नाही. तो बहुतेक मी डोंगरावर मुरूम तुडवत असतानाच उतरत होता.

सातवी फेरी संपली तेव्हा एक वाजायला सहा मिनिटं होती. सत्तेचाळीस किलोमीटर, मॅरेथॉनच्या वर आयुष्यात पहिल्यांदाच गेलो होतो. आम्ही सहा उरलो होतो. मावशी जाग्याच, शाल पांघरून, प्रत्येकाला "भात खाताय काय थोडा" विचारत. मला आठवतंय मी रडवेला झालो होतो, कारण काही नाही, भात गरम होता. आणि परात वाजली.

आठव्या फेरीत माळावर वारं होतं. घाम थंड पडला, दात वाजायला लागले, बाकीचे पाचजण पुढं गेले. त्यात गवताच्या पलीकडे दोन डोळे चमकले. इकडं गवे उसात उतरतात हे ऐकून होतो, राधानगरीचं अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध, आणि मित्राने बजावलेलं की गवा दिसला तर टॉर्च मारत बसू नकोस, गपगुमान माघारी वळ. मी माघारी वळलो नाही, जागेवरच उभा राहिलो. ती म्हैस होती. तिने शेपूट हलवल्यावर कळलं.

पाणंदीच्या तोंडाला आलो तेव्हा एक छत्तीस. पुढं दोन किलोमीटर, सपाट, रडत-रखडत सोळा मिनिटं. म्हणजे आठ मिनिटं शिल्लक. हा हिशोब मी तिथं उभं राहून केला, आणि उभं राहिलो तिथंच मेलो. कारण काहिलीच्या काठावर गुळव्या, म्हणजे गूळ झाला की नाही ते ठरवणारा माणूस, वाकून बसला होता. त्यानं उलथण्यावरचा थेंब पाण्यात सोडला, बोटात धरून गोळी वळली, बघितली, टाकून दिली. फेस आता पिवळा नव्हता, जाड, तांबूस, फुटताना फट फट आवाज करणारा.

मी विचारलं, "उतरणार का आता?"

"उतरंल की. घाई हाय व्हय?"

काय उत्तर देणार? माझ्या मनगटावर घड्याळ होतं ते नाडी सांगत होतं, चढ सांगत होतं, मी किती झोपायला पाहिजे ते सांगत होतं. पुस्तकात वाचलंय की गूळ ११८ डिग्रीच्या आसपास तयार होतो. ह्या माणसाकडे थर्मामीटर तर सोडाच, हातात घड्याळ पण नव्हतं. मामा चुलवाणाच्या तोंडाशी सरकले आणि शेजारी पोतं टाकलं. "बसा की. वारं लागतंय तुम्हाला." म्हटलं दोन मिनिटं हात शेकतो.

चुलवाणाची ऊब खुर्चीसारखी नसते. खुर्चीत बसलं की पाय दुखतात तरी. इथं पोटऱ्यांपासून काहीतरी वितळत वर आलं. मामा चिपाड सारत होते, एक सारायचं, मग बघायचं, मग एक. बोलले फार नाहीत. एवढंच विचारलं की पळून काय मिळतं, मी म्हटलं काही नाही, तर म्हणाले "मग बरं हाय." त्यात टोमणा होता का मला अजून कळलेलं नाही. गुळव्यानं तीनदा गोळी वळली. एक बेचाळीस झाले, एक त्रेचाळीस, चव्वेचाळीस गेले आणि शिल्लक संपली, आणि मी बघत होतो की ती संपली. उठता आलं असतं. पाय चालत होते. एक सत्तेचाळीसला गुळव्यानं चौथी गोळी वळली, ताटावर आपटली, टण् झालं, आणि तो नुसता "हं" म्हणाला.

त्या "हं"वर चौघं उठले. जाळ ओढला, काहील तिरकी केली आणि सगळं सोनं वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौदात, उतरलं. दुसरा शब्द सुचत नाही, शोधलाही नाही. वाफेत कुणाचं तोंड दिसत नव्हतं. मग लांब फावड्यानं घोटणं सुरू झालं, मामांनी वाटीत गरम गूळ आणि मूठभर शेंगा दिल्या. जीभ भाजली. काकवीची एक बाटली जबरदस्तीने जॅकेटात कोंबली, पैसे काढले तर "कसलं पैसं घिऊन बसलाय" म्हणून उलट ओरडले. लांब उसापलीकडे तीन शिट्ट्या ऐकू आल्या. मग दोन. मग एक. मग मावशींची परात. नववी फेरी सुटली माझ्याशिवाय, आणि मी शेंगा सोलत होतो.

अडीचला अंगणात पोचलो ते लंगडत. पाणंदीत अर्ध्यात ठरवलं की गुडघा सांगायचा. सगळे इतके चांगले वागले की काय सांगू. पैलवानानं स्वतःच्या हातानं क्रेप बँडेज बांधलं, मावशींनी हळद गरम केली, कुणीतरी विचारलं डावा की उजवा, मी म्हटलं उजवा, आणि खाटेकडे जाताना डाव्या पायानं लंगडलो. अंधार होता म्हणून वाचलो.

उठलो तेव्हा ऊन आलेलं. नऊ वाजले होते आणि बँकेतले काका आणि नर्स मुलगी दोघंच उरले होते. पंधरा फेऱ्या झाल्या. काकांनी सोळावी केली, खुर्चीत बसून बूट काढले, व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवले आणि मुलीला म्हणाले, "जा बाळ, तुझी तू कर आता." सतरावी तिनं एकटीनं मारली, जवळजवळ एकशेचौदा किलोमीटर, अकराला पाच मिनिटं कमी असताना ऊसाच्या कडेनं आली, आणि मावशींनी परात अशी बडवली की पोचा पडला. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. "निकाली झाली," खाटेवरचे काका म्हणाले.

मग जेवणं. मावशींचं वाढणं. मी पाय लांब करून, बँडेज नीट दिसेल असा, पैलवानाला गुडघ्याच्या वाटीबद्दल काहीतरी समजावत होतो, तेवढ्यात फाटकातून गुऱ्हाळावरचे मामा आले. आंघोळ केलेली, स्वच्छ टोपी, एका हातात गुळाचा मोठा खडा मावशींसाठी आणि दुसऱ्या हातात माझा हेडलॅम्प.

"ह्यो इसरलं बगा पाव्हणं," मामा म्हणाले. "रात्री लई वेळ बसल्तं जाळापाशी. गूळ उतरंपतूर हललंच न्हाईत."

कुणी काही बोललं नाही. बँकेतले काका माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग डाव्याकडे. मावशींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी खाली वाकून बँडेजची पिन शोधायला लागलो.