गाळाची बरणी : ‘जड’ शब्दापाशी थांबायचं

आज छात्राध्यापकांसोबत गाळाच्या बरणीचा तास. बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवायचं; वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) आणि चिकणमाती असे थर बसतात. कृती त्यांना पाठ असते, म्हणून आधी अंदाज. कोणता थर तळाला बसेल आणि का, ते वहीत लिहायचं. बहुतेक वह्यांत येतं : ‘वाळू जड म्हणून खाली, चिकणमाती हलकी म्हणून वर.’ उद्या हेच वाक्य लहान मुलांना सांगितलं जाणार. म्हणून ते इथेच तपासायचं.

त्याला वीट पुरते. 20 ग्रॅमचा तुकडा एका ग्लासात, तेवढीच वस्त्रगाळ पूड दुसऱ्यात; पूड ढवळायची. तुकडा लगेच तळाला. पुडीचं पाणी तासाभरानेही लालसर गढूळ. पदार्थ तोच, एकूण वजन तेच, कण मात्र बारीक. कण बारीक होत जातो तसं त्याचं वजन झपाट्याने घटतं, पाण्याचा अडथळा तितका घटत नाही. अगदी बारीक कण दहापट लहान झाला, तर बसायचा वेग शंभरपट कमी.

मग बरणी. काचेची, सरळ उभी, लिटरभराची. निमुळतीत थरांची मापं चुकतात. वाळलेली, चाळलेली माती एक तृतीयांश, कण सुटे राहावेत म्हणून भांडी घासायचं लिक्विड चमचाभर, वर पाणी, दोन बोटं जागा मोकळी. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं हलवायची. इथेच गट फसतात. दोन मिनिटांत हात भरून येतात, चिकणमातीच्या न फुटलेल्या गुठळ्या वाळूबरोबर तळाला जातात आणि वाळूचा थर उगाच जाड दिसतो. शेवटी तळातली चिमूट बोटांत चोळून पाहावी : वाळू खरखरते, गुठळी चिरडून बोट माखते.

थर कुठवर आला याच्या बरणीवर खुणा तीन : एका मिनिटाने वाळू, दोन तासांनी पोयटा, 48 तासांनी चिकणमाती. तोवर बरणी जागची हलवायची नाही.

एका जादा बरणीत लिक्विडऐवजी चिमूटभर तुरटी. चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, डोळ्यांना दिसतील एवढे पुंजके होतात आणि पाणी भराभर निवळतं. माती तीच, फक्त कण मोठे झाले. मला ही बरणी सगळ्यांत मोलाची वाटते. नदीमुखाशी खाऱ्या पाण्यातही चिकणमातीचे असेच पुंजके होतात आणि तिथे चिखल साचायला मदत होते.

शेवटी वह्या पुन्हा उघडायच्या. पहिलं वाक्य खोडायचं नाही. त्याखाली तारीख घालून नवं लिहायचं.