गॅस कमी असन भाऊ

18 मे, नागपूर

बेअरिंग बसलं एकदाचं. महिनाभर गाडीच्या एसीच्या कंप्रेसरच्या पुलीतून घरघर येत होती, एसी बंद असला तरीही. एसी बंद असताना कंप्रेसर फिरत नाही, त्याच्या तोंडाशी नुसती पुली फिरते. एसी लावला की क्लचमधला विजेचा लोहचुंबक पुढची थाळी पुलीला चिकटवतो, तेव्हा कंप्रेसर फिरतो. तेव्हा आवाज पुलीच्या बेअरिंगचाच असणार आणि ते बदलायला गॅस काढावा लागत नाही, एवढा हिशेब करून सकाळीच बॉनेट उघडलं. मधला बोल्ट, क्लचची पुढची थाळी, मग सर्क्लिप (पुली अडकवून ठेवणारी कडी), मग पुली. जुनं बेअरिंग लेथवाल्याने प्रेसवर ढकललं आणि 35-52-20 मापाचं नवं तिथंच बसवून दिलं. घरी आलो तेव्हा पोर्चमधल्या, सुटे भाग ठेवलेल्या ताटात एक पातळ वॉशर पडलेला दिसला. थाळीच्या आतली शिम, म्हणजे थाळी आणि पुलीतलं अंतर ठरवणारी पातळ चकती, गळून पडली असावी. वेळेवर दिसली म्हणून बरं. शाफ्टवर घातली, बोल्ट कसला. घरघर बंद, हवा गार. बायकोला बोलावून दोनदा एसी चालू-बंद करून दाखवला.

20 मे

ऑफिसहून येताना वर्धा रोडवर सिग्नलला उभा होतो. एसी दहा-बारा मिनिटं उत्तम चालला आणि मग भट्टीतली हवा यायला लागली. पंखा तोच, बटणावरचा दिवा तोच. घरी येऊन अर्धा तास गाडी सावलीत ठेवली आणि पुन्हा लावला, तर गार! पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा भट्टी.

27 तारखेला आईला घेऊन अमरावतीला लग्नाला जायचं आहे. दीडशे किलोमीटर, तेही नवतप्यात, उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत.

21 मे

ऑफिसात चौघांना विचारलं, चौघेही म्हणाले गॅस भर. जणू गॅस म्हणजे पेट्रोल, जाळला की संपतो. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत असतो, कमी झाला तर कुठून तरी गळतोय. मी तर एकही नळी उघडली नव्हती.

22 मे

तरीही गेलो गॅसवाल्याकडे. माणूस हुशार, पण डोकं बाहेर काढायच्या आधी निकाल. "गॅस कमी असन भाऊ, टॉप-अप मारून देतो." म्हटलं, आधी गॅसचा दाब मोजायचे गेज लावा. इंजिन बंद असताना निळा (लो) आणि लाल (हाय) दोन्ही काटे एकशे पंचेचाळीस पीएसआयच्या आसपास. यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आर-134ए, म्हणजे एसीतला हा गॅस, हवेच्या तापमानाप्रमाणे तेवढाच दाब दाखवतो. खरं कळतं ते चालू असताना. एसी लावला तर लो साइड (कंप्रेसरकडे येणारी बाजू) 38, हाय साइड (कंप्रेसरमधून दाबून निघणारी) 260. बाहेर 43 अंश असताना याहून चांगलं काय हवं?

दहा मिनिटांनी टक् आवाज झाला आणि दोन्ही काटे एकमेकांकडे सरकत मध्ये येऊन थांबले. मग निदान बदललं: "कंप्रेसर गेला तुमचा. रिबिल्ट बारा हजारात बसवून देतो." पण 38 आणि 260 दाखवणारा कंप्रेसर गेलेला कसा? गेलेल्या कंप्रेसरचा लो वर राहतो आणि हाय चढतच नाही. हे तिथं बोललो नाही. गेजचे दोनशे दिले आणि आलो.

24 मे

दोन दिवस थर्मिस्टरवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर, संशय होता. कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तो कंप्रेसर तोडतो, आणि दहा मिनिटांनी तुटणं त्याच्या चालीला शोभतं. त्याआधी एसीचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) काढून हॉर्नचा रिले त्याच्या जागी लावून पाहिला होता, दोन्ही सारखेच आहेत. काही फरक नाही.

आज मात्र जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. गाडी पोर्चमध्ये चालू ठेवली, क्लच सुटेपर्यंत वाट पाहिली आणि क्लचच्या कनेक्टरमागून मल्टिमीटरच्या सुया घातल्या. 13.6 व्होल्ट. म्हणजे फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मिस्टर सगळे निर्दोष. वीज क्लचपर्यंत पोचतेय, तो धरत नाही.

मग आईच्या जुन्या रवीचा दांडा आणला. बनियन आत खोचली, बेल्टपासून हात लांब ठेवून दांड्याच्या टोकाने थाळी हलकीच पुलीकडे दाबली. टक्! थाळी चिकटली, कंप्रेसर फिरला, दोन मिनिटांत व्हेंटमधून गार हवा. आई दारातून ओरडत होती, "अरे, त्या रवीने ताक करते मी!"

गाडी बंद करून क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स घेतला तर 4.4 ओहम. रात्री दहाला सगळं थंड झाल्यावर पुन्हा घेतला, 3.6. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो आणि लोहचुंबकाचा जोर पडतो. पण तेवढा जोर पडणं तर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. मग कमी पडतोय कशाला? अंतर जास्त असेल तर. अंथरुणात पडल्यावर ताट आठवलं.

25 मे

आजपासून नवतपा. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून सहालाच खाली उतरलो. थाळी आणि पुली यांच्यात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पाती, घातलं. 0.5 ची पात सैल, 0.7 ची सैल, 0.9 ची कशीबशी अडकली. अशा क्लचमध्ये साधारण 0.35 ते 0.6 मिलिमीटर हवं. थंड असताना चुंबक एवढंही अंतर ओढून घेत होता, तापला की हरत होता.

बोल्ट काढून थाळी उलटी केली. मी घातलेला वॉशर शाफ्टवरून सरळ हातात आला, भोक जरा मोठंच. आणि थाळीच्या खोबणीत, काळ्या ग्रीसमध्ये रुतून, कंपनीची मूळ शिम जागच्या जागी बसलेली. ती कधी पडलीच नव्हती. नखाने ग्रीस खरवडेपर्यंत दिसलीसुद्धा नाही.

उपरा वॉशर बाजूला ठेवून थाळी बसवली. गेज तीन ठिकाणी लावलं: 0.45, 0.45, 0.4. सातच्या आत हात धुऊन झाले होते.

गेला आठवडाभर मी रिलेवर, थर्मिस्टरवर, एका गरीब गॅसवाल्यावर आणि मनातल्या मनात त्या लेथवाल्यावरही संशय घेतला. माझा हात कुठं लागला होता, तेवढं सोडून.

26 मे

भर दुपारी दोनला अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन आलो. बाहेर 45. व्हेंटमध्ये आईचा स्वयंपाकातला थर्मामीटर खोचला होता, हायवेवर 11 अंशावर आला. परतताना बाजारगावला रसवंतीजवळ गाडी चालूच ठेवून पंधरा मिनिटं थांबलो. बॉनेटला कान लावून क्लच सुटायची वाट पाहत होतो आणि रसवंतीवाला माझ्याकडे पाहत होता. सुटला नाही.

तो वॉशर कुठला होता तेही कळलं. 17 तारखेला मी त्याच ताटात कूलरची मोटर खोलून ठेवली होती. मोटरच्या एका नटाखाली वॉशर नाही. कूलर आठ दिवस खडखडतोय हे आई रोज सांगत होती, आणि मी रोज म्हणत होतो, खसच्या ताट्या नव्या आहेत, बसतील हळूहळू.

वॉशर शर्टच्या खिशात ठेवला होता. शर्ट धुण्यात गेलाय.